शिजलं की नाही

लेकीच्या सासरी बापाने जाऊन स्वयंपाक करावा, अशी रीत आमच्याकडे नाही. लेकीच्या घरी फार दिवस राहू नये, राहिलंच तर कशात हात घालू नये, अशा घरात मी वाढलो. तरीही गेल्या नाताळात मडगावला व्याह्यांच्या घरी मी कमरेला टॉवेल गुंडाळून गॅसपाशी उभा राहिलो. आणि केलं काय, तर स्टेक.

हा शब्द लिहिताना हात जरा अडखळला. या अंकाचे वाचक म्हणजे आपलीच माणसं. कुणाच्या गळ्यात माळ, कुणाच्या घरी एकादशी, आणि कुणी रविवारी सकाळी पिशवी घेऊन मटणाच्या दुकानापुढे उभे. पण ज्या कामावर अडतीस वर्षं माझं घर चाललं, दोन मुलांची शिक्षणं झाली, ते लपवून लेख लिहायचा तर लिहायचं तरी काय? पावसावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

तर आधी स्टेक म्हणजे काय ते सांगतो. मोठ्याच्या मांसाचा दीडेक इंच जाडीचा तुकडा. त्याला मसाला नाही, वाटण नाही, रस्सा नाही. मीठ, मिरी, कडकडीत तापलेला तवा आणि शेवटी लोणी. झालं. आपल्या तांबड्या रश्श्यात मटण थोडं निबर राहिलं तर वाटण सांभाळून घेतं, आणि जास्त शिजलं तर ‘काय मऊ झालंय’ म्हणून उलट कौतुक होतं. मांस शिजलं की नाही हे आपण कुकरच्या शिट्ट्यांवर ठरवतो. शंका आलीच तर आणखी एक शिट्टी काढतो. स्टेकला ही सोय नाही. तो अर्धं मिनिट पुढे गेला की गेला. त्याला मागे आणता येत नाही.

मी खानापूर तालुक्यातला, जांबोटीच्या बाजूचा. वडील माळकरी, आषाढीची वारी न चुकवणारे. आईनेही पुढे माळ घातली. घरात अंडंसुद्धा येत नसे. एस.एस.एल.सी.ला गणितात अडकलो आणि १९७९ साली, गावातली पोरं जात तसा, गोव्याला निघालो. खानापुरात मीटरगेज गाडीत बसायचं, लोंढ्याला गाडी बदलायची आणि दूधसागरचे तुषार खिडकीतून अंगावर घेत खाली उतरायचं. निघताना आईने दशमीची शिदोरी हातात दिली आणि एवढंच म्हणाली, “तिकडं काय बी काम कर बा, कुठलं काम हलकं नसतंय. पण ते तेवढं खाऊ नको.” ‘ते’ म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. तिनेही नाव घेतलं नाही.

समुद्राकाठच्या एका मोठ्या हॉटेलात काम लागलं. पहिली दोन वर्षं मी फक्त बटाटे सोलले. हसू नका. स्टेकच्या ताटात बटाट्याला जेवढा मान आहे तेवढा आपल्याकडे पंगतीत मठ्ठ्यालाही नाही. बोटाएवढ्या जाड कांड्या करायच्या, पाण्यात धुऊन वरचा पिठूळपणा काढायचा, फडक्यावर पूर्ण कोरड्या करायच्या आणि दोनदा तळायच्या. पहिल्यांदा मंद तेलात, नुसत्या शिजेपर्यंत, रंग न येऊ देता. मग काढून गार करायच्या आणि ताट निघायच्या वेळी कडक तेलात सोडायच्या. एकदाच तळल्या तर बाहेरून लाल होतात आणि आत कच्च्या राहतात. शीतगृहातले बटाटे तर मोठे दगलबाज. थंडीत त्यांच्यातल्या पिठाची साखर होते आणि तळताना ते शिजायच्या आधीच काळपटतात. आमच्या बेळगाव भागातला बटाटा हॉटेलात येई तेव्हा पोत्यावरचं नाव वाचून मला उगीचच घरचं कुणी भेटल्यासारखं वाटे.

घरी मी सांगितलं, भाजी-बटाट्याच्या कामाला आहे. ते खोटं नव्हतं. १९८१ पर्यंत तरी नव्हतं. पुढे ते मी दुरुस्त केलं नाही, एवढंच.

१९८१ च्या पावसाळ्यात तव्यावरचा एक माणूस बोटीवर गेला आणि शेफने मला त्या जागेवर उभं केलं. आमचे शेफ साष्टीतले, स्वतःही वीसेक वर्षं बोटीवर काढलेले, तोंडाने फटकळ. पहिला तुकडा तव्यावरून उतरवून त्यांनी त्याची कड कापली आणि म्हणाले, “चाख.” मी म्हटलं, “खात नाही.” ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता परत बटाट्यांत. पण त्यांनी माझा डावा पंजा हातात घेतला, मोकळा सोडायला लावला आणि अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा असतो त्यावर माझंच उजवं बोट दाबलं. “हें कच्चें.” मग अंगठा तर्जनीला टेकवायला लावला. तो उंचवटा किंचित घट्ट झाला. “हें रेअर.” मधल्या बोटाला टेकवला, मीडियम रेअर. अनामिकेला, मीडियम. करंगळीला टेकवल्यावर तिथे नुसता दगड. “आनी हें वेल डन. तें करपाक अक्कल लागना.”

वाचता वाचता तुम्हीही हात दाबून बघितला असेल, खात्री आहे. मात्र एवढ्यावर तव्यापाशी जाऊ नका. प्रत्येकाचा हात वेगळा. मजुराचा पंजा आणि कारकुनाचा पंजा एक नव्हे. मांसाचा तुकडाही कुठल्या भागातला यावर त्याचं दबणं बदलतं. अंडरकट म्हणजे पाठीच्या कण्याखालचा मऊ भाग, तो बोटाला एक सांगतो, आणि मांडीकडचा तुकडा दुसरंच सांगतो. शेफची ती बाराखडी होती. तिच्यावरून वाचता येण्याइतकं मला यायला तीन वर्षं लागली.

त्या तीन वर्षांत मी शिकलो ते मुख्यतः उष्ट्या ताटांवरून. चाखायचं नाही म्हटल्यावर दुसरा मार्ग नव्हता. ताटं धुवायला जायच्या आधी मी मोरीपाशी जाऊन बघे: कोणत्या टेबलावरचं संपलं, कोणतं अर्धं राहिलं, कापलेल्या जागी रंग कसा आहे. माळकऱ्याचा पोरगा परक्याचं उष्टं निरखत उभा आहे, हे दृश्य गावात कुणी पाहिलं असतं तर! पण त्या ताटांनी मला सगळं सांगितलं. मधोमध करडा आणि कोरडा, म्हणजे मी उशीर केला. वर काळा आणि आत गार, म्हणजे फ्रीजमधून काढून थेट तव्यावर टाकला. ताटात तांबडं पाणी साचलंय, म्हणजे घाई केली, उतरवल्यावर थांबलो नाही.

त्या तांबड्या पाण्याबद्दल सांगायला हवं, कारण आपल्या माणसांना शिसारी येते ती त्याचीच. ते रक्त नव्हे. जनावर कापतानाच रक्त निघून जातं. स्नायूत प्राणवायू धरून ठेवणारा मायोग्लोबिन नावाचा एक लाल पदार्थ असतो, तो मांसातल्या पाण्यात मिसळून ते पाणी तांबडं दिसतं. उष्णता वाढत जाते तसा तो गुलाबी होतो आणि साठ-सत्तर अंशांच्या दरम्यान करडा पडतो. म्हणून आतला रंग बघून पाहुणे ठरवतात. साधारण पन्नास अंशांना रेअर, चोपन्नच्या आसपास मीडियम रेअर, साठला मीडियम आणि सत्तरच्या पुढे वेल डन. अमेरिकेचं शेतीखातं त्रेसष्ट अंश आणि वर तीन मिनिटं थांबा असं सांगतं. गरोदर बाई, लहान मूल, आजारी माणूस असेल तर पूर्ण शिजवूनच द्यावं. अखंड तुकड्यात जंतू असतात ते बहुतेक बाहेरच्या अंगावर, आणि तवा त्यांना भाजून काढतो, म्हणून आत गुलाबी ठेवण्याची मुभा. खिम्याला ती नाही. त्यात बाहेरचं सगळं आत गेलेलं असतं.

आणखी एक समजूत तेव्हा आमच्या किचनमध्ये सगळेच सांगत, शेफसुद्धा, की कडक तव्यावर मांसाची तोंडं बंद होतात आणि रस आत कोंडला जातो. पुढे कळलं की तसं काही होत नाही. रस निघतच असतो. तव्यावर जो चर्र आवाज येतो तो दुसरं काय आहे? कडक तवा हवा तो चवीसाठी. भाकरीला पापुद्र्यावर जे तपकिरी ठिपके पडतात, कांदा भाजताना जो वास सुटतो, ती सगळी एकाच घरची मंडळी. माईयार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये त्याचा उलगडा मांडला. माझ्या आईला तो उलगडा न वाचताच ठाऊक होता. ती भाकरी निखाऱ्याला लावताना कधी चुकली नाही.

एकूण सगळे दिवस बरे गेले. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून युरोपातून चार्टर विमानं गोव्यात उतरू लागली आणि एका रात्रीत साठ-सत्तर तुकडे तव्यावरून जाऊ लागले. इंग्रज म्हातारे बहुधा पूर्ण शिजवून मागत, फ्रेंच माणूस जेमतेम तव्याला शिवून. वेटर कागद लावी आणि मी बोटाने दाबत जाई. त्या काळात मला कुणी ‘शिजलं का’ असं विचारलं की मी मनात म्हणे, कुणासाठी?

महिन्या-दोन महिन्यांनी गावी जात असे. पोचायला संध्याकाळ होई. न्हाणीत चुलीवर हंडा तापलेला असे, तो रात्री-अपरात्री पोचलो तरी. पडवीत बॅग टेकायच्या आत आई म्हणे, “आधी अंगावर पाणी घे जा. लांबनं आलास.” कपडे ती स्वतः वेगळ्या बादलीत भिजवी. मग देवाला नमस्कार, मग जेवण. आणि पहिल्या जेवणाला हटकून बटाट्याची भाजी. “तुझ्या कामातली,” म्हणून वाढायची. मी बरंच वर्णन करायचो: बटाटे किती पोती लागतात, दोनदा कसे तळतात, लोण्यात घोळलेल्या श्रावणघेवड्याच्या शेंगा कशा करतात, टोमॅटो अर्धा कापून कसा भाजतात. ताटात मधे काय असतं ते सोडून बाकी सगळं ताट मी तिला बारा-पंधरा वर्षं तोंडाने वाढत होतो.

२००३ साली ती शेवटची आजारी होती तेव्हा मी रजा टाकून घरी होतो. दुपारी सगळे झोपलेले. तिने माझा उजवा हात घेतला, म्हाताऱ्या माणसांना हात घेऊन बसायची सवय असते तसा. तर्जनीच्या टोकावर ती अंगठा फिरवत राहिली. ते टोक निबर झालेलं, त्यावर तव्याच्या कडेचे चट्टे. ती म्हणाली, “बटाट सोलून बोट असं होत नसतंय रे.”

मी काही बोललो नाही.

“खाल्लं नाहीस न्हवं?”

“नाही.”

“मग झालं तर,” म्हणाली आणि हात तसाच धरून डोळे मिटले. चौदा दिवसांनी ती गेली. न्हाणीतला तो हंडा आमच्या धाकट्या भावाकडे आहे.

२०१७ मध्ये मी निवृत्त होऊन बेळगावात स्थायिक झालो. २०१९ मध्ये मुलीने मडगावच्या एका ख्रिस्ती मुलाशी लग्न केलं. त्यावर आमच्या नातलगांत काय बोललं गेलं ते इथे लिहीत नाही, लिहिण्यासारखं नव्हतं. व्याही सज्जन आहेत. आम्ही जातो तेव्हा विहीणबाई आमच्यासाठी वेगळं पातेलं, वेगळा झारा, तेलसुद्धा वेगळं ठेवतात, आणि ते नवीन घेतलेलं आहे हे कळू नये म्हणून त्यावरची चिकटपट्टी खरवडून काढतात. थोडी राहिलेली असतेच. हिने एकदा ती नखाने पुरी काढली, काही न बोलता.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी व्याही म्हणाले, “तुम्ही एवढी वर्षं हॉटेलात केलंत, आमका कधी करून घालणार?” मी हिच्याकडे बघितलं. ही म्हणाली, “तुमचं काम आहे. मी बाहेर बसते.” आणि बाल्कांवात जाऊन पेपर उघडून बसली.

त्यांच्याकडे बीफ म्हणजे विहीणबाईंच्या हातचं बीफ. पातळ काप, लसूण-मिरी-व्हिनेगरमध्ये मुरवलेले, कांद्याबरोबर झटपट परतलेले, सोबत तळलेले बटाटे आणि कधी वर अंडं. पोर्तुगीज वळणाचा, चांगला प्रकार आहे, आणि घरगुती शेगडीला तोच जास्त मानवतो. त्यात गुलाबी रंगाला जागा नाही. म्हणून जाड तुकडे बघून त्या धास्तावल्याच होत्या. “कच्चें न्हय मू तें?” दोनदा विचारून झालं.

अंडरकट व्याह्यांनी ओळखीच्या दुकानातून सकाळीच आणला होता. पूर्वी गोव्याचा हा माल बराचसा आमच्याच जिल्ह्यातून घाट उतरून येई, जसा भाजीपाला आजही येतो. कर्नाटकाच्या २०२० च्या कायद्यानंतर ते गणित बदललं. असो. मी तुकडे फडक्याने टिपून कोरडे केले, तासभर आधी मीठ लावून ठेवलं. मिठाचा एक नियम आहे: लावायचं तर पाऊण तास तरी आधी, नाहीतर अगदी तव्यावर टाकताना. मधल्या वेळात लावलं की पाणी सुटलेलं असतं आणि परत मुरलेलं नसतं, मग तुकडा भाजण्याऐवजी वाफवला जातो. घरात बिडाचा जुना तवा होता, विहीणबाईंच्या सासूचा. तो धूर येईपर्यंत तापवला. तेल तव्याला नाही, तुकड्याला चोळलं.

जावयाने खिशातून एक वस्तू काढली, पेनासारखी, टोकाला सुई. मांसात खुपसली की अंश दाखवते. “पप्पा, तुमच्या बोटाची परीक्षा घेऊ या.” मला खरं तर राग यायला हवा होता. पण मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या ताटांवर विसंबलेला माणूस. मला कुणीतरी नक्की आकडा सांगावा असं कधीचं वाटत होतं. हॉटेलात शेवटच्या काही वर्षांत तशी सुई आली होती. नवीन पोरं वापरत, मी लाजून वापरली नाही. ती मूर्खपणाची लाज होती. घरी करणाऱ्याने तर खुशाल सुई वापरावी.

बटाट्यांची पहिली तळणी मी आधीच करून ठेवली होती, आमचे वेगळ्या कढईत. शेंगा उकळून गार पाण्यातून काढलेल्या. मग मी विचारलं, “किती तुकडे टाकू? व्याही, विहीणबाई, जावईबापू. तीन ना?”

मुलगी ओट्याला टेकून लसूण सोलत होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, “चार, बाबा.”

लसणाची पाकळी तिच्या हातात नुसती फिरत होती. बेळगावला आली की ती पहिल्यांदा आंघोळीला जाते, हे मला त्या क्षणी आठवलं. गेल्या पाच वर्षांत एकदाही न चुकता. गीझर लावून ठेवायचं काम माझं. ते मी का करत होतो याचा कधी विचार केला नव्हता, किंवा केला नव्हता असं म्हणू.

बाल्कांवातून पेपरची पानं उलटल्याचा आवाज आला.

मी म्हटलं, “बरं. तुला कसा हवा?”

“मीडियम रेअर.”

चारी तुकडे तव्यावर गेले. घरभर तो आवाज आणि धूर. विहीणबाईंनी खिडक्या उघडल्या. मी तुकडे सारखे उलटत होतो. एकदाच उलटावं असं जुने लोक सांगतात, पण सारखं उलटलं तर आत उष्णता समान जाते. मग आच कमी केली, लोणी, ठेचलेली लसूण, आणि ते तांबूस लोणी चमच्याने वरून घालत राहिलो. पहिला जावयाचा उतरवला. बोटाने दाबून म्हटलं, “एकावन्न.” त्याने सुई खुपसली. बावन्न. त्याने टाळी वाजवली. मी सांगितलं, आता पाच मिनिटं हात लावायचा नाही, ताटात पडल्या पडल्या तो आतल्या आत आणखी दोन-तीन अंश चढतो. व्याह्यांचा मीडियम त्याच्यामागून. विहीणबाईंचा शेवटपर्यंत ठेवायचा होता, करंगळीपर्यंत. त्याला अक्कल लागत नाही हे शेफचं म्हणणं मला तेव्हाही पटलं नव्हतं. कोरडा न करता पूर्ण शिजवणं हेच कठीण, मंद आचेवर लोण्याने अंघोळ घालत बसावं लागतं.

राहिला मुलीचा. मी चिमटा तिच्या हातात दिला. तिने आधी जावयाच्या सुईकडे बघितलं, मग ती बाजूला सारली. डावा पंजा मोकळा सोडला, अंगठा मधल्या बोटाला टेकवला, उंचवटा दाबून बघितला. हे मी तिला कधी शिकवलेलं नाही. लहानपणी मी घरी बसल्या बसल्या नकळत तसं करत असेन आणि ती बघत असेल. मग तिने तव्यावरच्या तुकड्यावर बोट ठेवलं, चटका बसला तसं झटकन मागे घेतलं, पुन्हा ठेवलं.

“बाबा, झालं का बघा.”

मी तिच्या बोटाशेजारी माझं बोट ठेवलं.

“अजून अर्धं मिनिट,” मी म्हटलं.